दुकानाची फळी, होडीची फळी

मंगरूळपीरच्या वर्गात शिडाच्या होडीचा विषय काढला, तर मुले हसतील. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. पण लोखंडी शटर येण्यापूर्वी बाजारातली दुकाने कशी बंद होत, हे त्यांनी आजोबांना विचारावे. उंबऱ्याच्या आणि वरच्या चौकटीच्या खाचेत एकेक उभी फळी सरकवत नेत आणि शेवटच्या फळीला कुलूप लावत. पावसाळ्यात नेमकी ही शेवटचीच फळी बसत नसे!

लहान शिडाच्या होडीत आतल्या खोलीत उतरण्याचा दरवाजा असाच असतो. फरक एवढाच, की इथे फळ्या आडव्या असतात. दोन्ही बाजूंच्या खाचांत त्या वरून एकावर एक सोडतात. सांध्यांना बाहेरच्या बाजूस उतार दिलेला असतो, म्हणजे पाणी आत न येता ओघळून जाते. ऊन, खारे पाणी आणि रोजची काढघाल यांनी फळ्यांच्या कडा झिजतात, त्या खाचेत खुळखुळू लागतात. तेव्हा त्या बदलणे हे किरकोळ सुतारकाम वाटते. पण 1979 साली इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याच्या शर्यतीत वादळाने 15 स्पर्धकांचा बळी घेतला. होड्या उलटल्यावर काहींच्या या फळ्या निसटल्या आणि पाणी थेट आत शिरले. फळ्या जागच्या जागी अडकवून ठेवता आल्या पाहिजेत, असे नंतरच्या चौकशीत सुचवले गेले.

मग नवी फळी घट्ट ठोकून बसवावी का? तसे केले तर ती पाण्याने फुगून अडकेल आणि आतला माणूस कोंडला जाईल. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. पाणी नळ्यांच्या भिंतींत शिरते. भिंती जाड होतात, पण लांबी जवळजवळ वाढत नाही. म्हणून फळी रुंदीत फुगते. लाकडातील ओलावा वजनाच्या 5 टक्क्यांनी वाढला, तर 20 सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी सुमारे 2 मिलिमीटर वाढते. ओकची जवळजवळ दुप्पट. खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेली सागाची फळी मात्र 1 मिलिमीटरच वाढेल. दुकानाच्या दहा साध्या फळ्यांची वाढ होते 2 सेंटिमीटर. शेवटची फळी का बसत नसे, ते आता कळेल. होडीतल्या तीन फळ्या मिळून 6 मिलिमीटर उंच होतात. म्हणून जाणता सुतार लांबीचे माप काटेकोर ठेवतो आणि मोकळीक वरच्या बाजूस सोडतो.

सागाचा हा गुण आकडे हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे ठाऊक होता. सागात तेलकट अंश असतो, त्यामुळे ते सहसा कुजत नाही. ओकमधल्या टॅनिनमुळे लोखंडी खिळे गंजतात, तसे सागात होत नाही. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने तिथल्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. 1817 मध्ये तिथे पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज, बऱ्याच डागडुजीनंतर का होईना, आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे तरंगते आहे.

त्याही आधी, अठराव्या शतकाच्या आरंभी, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी साग तोडायचा तर परवानगीने तोडावा, असे सांगितले. रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. मला या मजकुरात दयेपेक्षा हिशेब जास्त दिसतो, आणि तो हिशेब पक्का आहे. जहाजाची फळी सुतार दोन दिवसांत बदलील, पण ती ज्या झाडातून येते ते वाढायला पिढी जावी लागते.

मंगरूळपीरला होडी नसली, तरी सागवानी दार कुठे ना कुठे असेलच. त्याच्या एकाच फळीची रुंदी वैशाखात आणि पुन्हा श्रावणात, त्याच खुणेवर, मुलांकडून मोजून घ्यावी. रंग दिलेली फळी घेऊ नये. तिच्यात ओलावा फार सावकाश शिरतो.