रोख्यावरचा अंगठा ते मोबाइलवरचा अंगठा: कर्जाच्या दाराची दीडशे वर्षे

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली आणि वह्या व कर्जरोखे आगीत टाकले. हेच ‘दख्खनचे दंगे’. #इतिहास #थ्रेड

२/ अमेरिकन यादवी युद्धात कापसाला भाव चढला, तेव्हा सावकाराचा हात सैल होता. १८६५ नंतर भाव कोसळला, शेतसारा वाढला आणि सावकाराने हात आखडता घेतला. अंगठा देणाऱ्याला रोख्यातला मजकूर वाचता येत नव्हता.

३/ १८७९ च्या कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. तरी गरजवंतापुढे दार एकच राहिले, सावकाराचे.

४/ दुसरे दार १८८९ मध्ये बडोद्यात उघडले. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली. अन्योन्य म्हणजे परस्पर: सभासदांचीच बचत, सभासदांनाच कर्ज. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

५/ मंडळीची बँक झाली की आपला पैसा कोणाकडे जातो, हे ठेवीदाराला दिसेनासे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीदारांना आधार उरला तो ५ लाखांपर्यंतच्या ठेवविम्याचा.

६/ सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलसारख्या नगरात शेजारी ठिकठिकाणांहून आलेले. तेथे ओळखीवर पत कशी ठरावी? ब्रिटनमध्ये २००५ साली ‘झोपा’ या कंपनीने उत्तर दिले: अनोळखी माणसांनी संकेतस्थळावरून थेट एकमेकांना कर्ज द्यावे.

७/ भारतात ४ ऑक्टोबर २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने याचे नियम केले. मंच केवळ मध्यस्थ. त्याने स्वतः कर्ज द्यायचे नाही. एका व्यक्तीकडून एका कर्जदाराला कमाल ५० हजार, मुदत कमाल ३६ महिने.

८/ लाभ खरा आहे. परतफेडीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. लहान कर्ज वेळेवर फेडणाऱ्याची पत कागदावर उमटते.

९/ धोकाही खरा आहे. येथे ठेवविमा नाही. कर्ज बुडाले तर तोटा देणाऱ्याचा. काही मंच ही गुंतवणूक ठेवीसारखी भासवू लागले, म्हणून १६ ऑगस्ट २०२४ रोजी नियम कडक झाले. ‘झोपा’ने तर २०२१ मध्येच हा व्यवसाय आवरता घेतला.

१०/ सुप्याचा शेतकरी न वाचता अंगठा देई, कारण त्याला वाचता येत नव्हते. आज वाचता येते; तरी ‘मान्य आहे’ या बटणावर अंगठा बहुधा न वाचताच पडतो.