शमा कोणापुढे?

मुशायऱ्यात पूर्वी शमा फिरवत असत. ज्याच्यापुढे शमा, त्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. संगणकाच्या पडद्यावरही अशीच एक न दिसणारी शमा असते. खिडक्या दहा उघड्या असल्या तरी कीबोर्ड एकच. आपण टाइप केलेली अक्षरं कोणत्या खिडकीत जायची, हे ती ठरवते. तिला 'फोकस' म्हणतात.

मी कळांकडे बघून टाइप करणारा माणूस. एकदा गझल उतरवत होतो. ओळ संपली, एन्टर दाबलं, मान वर केली, तर संगणक बंद होऊ लागलेला! मधेच 'पुन्हा सुरू करू का?' असं विचारणारी चौकट आली होती. माझं एन्टर तिनं होकार म्हणून घेतलं. दोन शेर गेले.

एकावर एक येणाऱ्या खिडक्या १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात घडल्या. तिथले लॅरी टेस्लर सांगत, की एकच कळ कधी अक्षर, तर कधी हुकूम होता कामा नये. त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही 'नो मोड्स' होतं. फोकस पळवणारी खिडकी नेमका तोच घोटाळा करते.

विंडोज ९५ मध्ये कोणताही प्रोग्रॅम आपली खिडकी बेधडक पुढे आणू शके. विंडोज ९८ नं लगाम घातला: माणूस दुसरीकडे काम करत असेल, तर खालच्या पट्टीवरचं बटण नुसतं लुकलुकेल. त्याचा हात २०० सेकंद थांबला, तरच पुढे यायची मुभा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पळवाटा काढल्या. काहींनी तर कळ दाबल्याचा खोटा बहाणाही केला. लिनक्सवरच्या केडीईनं २००४ च्या सुमारास वेळ तपासायला सुरुवात केली. आपण दुसरीकडे टाइप करू लागल्यावर उशिरा उगवलेली खिडकी मागेच राहील. २०२१ मध्ये वेलँडमध्ये परवान्याची चिठ्ठी आली: माणसानं ज्या खिडकीत काही केलं, तिच्याकडून चिठ्ठी आणा, मग पुढे या.

तरीही हा उपद्रव पुरता गेलेला नाही. पासवर्ड टाइप करताना मधेच गप्पांची खिडकी उघडली, तर गुपित थेट समोरच्याच्या हाती जातं. प्रश्न दोन शेरांपुरता नाही. न विचारता घेतलेल्या होकाराला होकार म्हणायचं का, एवढाच आहे.