आड, नळ आणि मीटर : आमच्या बेळगावचं पाणी

परवा आमच्या गल्लीतला आणखी एक आड बुजवला. पार्किंगला जागा पाहिजे म्हणे. म्हणून हे लिहायला बसलो.

जुन्या बेळगावात, शहापुरात, वडगावात परसात आड असायचाच. राहाट, दोर, घागर, बिंदगी हे घरचंच सामान. पाणी आपलं आणि उन्हाळ्यात गाळ काढायचं कामही आपलंच. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाही पाण्यासाठी टिळकवाडीत विहीरच खणली. तीच आजची काँग्रेस विहीर.

पुढे राकसकोपचं, नंतर हिडकलचं पाणी नळाला आलं आणि आड मागे पडले. पण नळाला रोज पाणी कुठलं? आई पहाटेच "पाणी आलंय, उठा!" म्हणून सगळ्यांना हलवायची. पिंपं भरायची, आणि पुढचं पाणी आलं की आधीचं 'शिळं' म्हणून ओतून टाकायचं. पाइप रिकामे असले की गळतीतून घाण आत शिरायची, ते वेगळंच.

२००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, गुलबर्गा आणि बेळगावच्या मोजक्या वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. कर्ज जागतिक बँकेचं, चालवायला व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी. मीटर बसले, जेवढं वापराल तेवढं बिल. "आता पाणीपण विकायला काढलं" असं म्हणणारे होते, आणि "आमच्याकडे कधी येणार?" असं विचारणारेही होते. बहुतेक घरात दोन्ही!

खरं तर पाइप महापालिकेचेच राहिले, दरही सरकारी. कंपनीकडे फक्त चालवणं. पण एक गोष्ट विसरू नये. दूधवाला आवडला नाही तर बदलता येतो, नळवाला नाही. घरात पाइप एकच येतो. त्यामुळे इथं स्पर्धा नसते, आणि दर किती, गळती किती, तक्रार कुणाकडे, हे विचारत राहणं आपल्यालाच भाग आहे. आडाचा गाळ काढायचो, तसंच हे.

आणि आडही ठेवा हो. १९९५ च्या टंचाईत शहराला जुन्या विहिरीच आठवल्या होत्या. गाळ काढला आणि त्यांनीच पाणी दिलं.

तुमच्या परसातला आड अजून आहे का?