कातळातून वर येणारे पाणी : एक प्रस्तावना

लातूर आणि नांदेड ही नावे पाण्याच्या संदर्भात निघाली की टंचाईचीच आठवण होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही बातमी देशभर पोहोचली. पण याच मुलखात, पाऊस भरपूर झालेल्या वर्षी, भाद्रपद-आश्विनात बोअरच्या तोंडातून मोटर न लावता पाणी वाहू लागते आणि हापसा कोणी न हापसताच गळत राहतो. ही बातमी मात्र गावाच्या शिवेबाहेर क्वचितच जाते. दुष्काळ आणि हे आपोआप वाहणारे पाणी, दोन्ही एकाच कातळाच्या पोटातून येतात. तो कातळ समजून घेण्याची इच्छा असलेल्या प्रत्येकाचे येथे स्वागत आहे. त्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही.

दाबामुळे पाणी स्वतःहून वर चढते अशा विहिरीला आर्टेशियन विहीर म्हणतात. फ्रान्सच्या आर्त्वा प्रांतात लिलेर येथे 1126 साली मठवासीयांनी अशी विहीर खोदल्याचे सांगतात. पॅरिसमधील ग्रनेल येथे 1833 पासून आठ वर्षे छिद्र पाडत राहिल्यावर 548 मीटर खोलीवर पाणी लागले आणि ते जमिनीच्या वर उसळले. आपल्याकडे तामिळनाडूतील नेवेलीला लिग्नाइटच्या खाली असेच दाबाचे पाणी आहे. ते सतत उपसून दाब कमी ठेवला, तरच तिथली खाण चालते.

याचे गमक समजण्यासाठी वाचकांनी छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवावी. उत्तरेकडील डोंगराजवळचे पाणी मातीच्या बंद नळांतून शहरापर्यंत येते, उंच भिंतीतून वर चढते आणि मग खाली पडून जाते फिरवते. मूळ उंचावर आणि वाट बंदिस्त, म्हणून पाणी चढते. जमिनीखाली बंद नळाचे काम सच्छिद्र खडक करतो. त्याच्या वर-खाली पाणी न झिरपू देणारे थर असले आणि पाऊस उंचावरच्या उघड्या भागातून आत मुरला, की सखल भागात पाडलेल्या छिद्रात पाणी चढू लागते.

मराठवाड्यात हे थर लाव्हारसाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांनी छिद्रे राहिली आणि मधला भाग घट्ट काळा पाषाण झाला. त्या पाषाणात भेग असेल तरच पाणी. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा असतो. बोअरच्या गाडीतून लाल भुकटी येऊ लागली की तो आला असे समजावे. पाणी अडवून दाब टिकवण्यात या पट्ट्याचा वाटा मोठा असतो. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतले गेले, तेव्हा या काळ्या खडकाची जाडी 338 मीटर भरली. पूर्वेकडे ती कमी होत जाते. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला तर ग्रॅनाइटच उघडा पडतो आणि तिथे पाण्याचा सगळा हिशेब कुजलेल्या खडकाचा व भेगांचा होतो. म्हणून लातूरचा अनुभव देगलूरला जसाच्या तसा लावू नये.

नवख्या वाचकाने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी : आर्टेशियन असण्यासाठी पाणी जमिनीवर वाहिलेच पाहिजे असे नाही. दीडशे फुटांवर पाणी लागले आणि ते बोअरमध्ये चाळीस फुटांवर येऊन उभे राहिले, हे इथल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात सहज येते. मधल्या या एकशे दहा फुटांची चढण बहुतेक वेळा खालच्या दाबाची असते. पाणी किती इंची लागले एवढेच आपण विचारतो. ते कुठे लागले आणि कुठे थांबले, हा प्रश्न माझ्या मते अधिक मोलाचा आहे. ज्या वर्षी ही चढण बोअरच्या तोंडाशी पोहोचते, त्या वर्षी पाणी बाहेर वाहते. आपल्या खडकातले हे बंदिस्त कप्पे लहान, तुटक आहेत. त्यामुळे वाहणे काही आठवड्यांत थांबते. वाहत्या पाण्यावरून दाब कळतो, साठा किती ते कळत नाही.

वर्षानुवर्षे अशा दाबाने वर येणारे पाणी पाहायचे असेल, तर किनवट परिसरात पैनगंगेकाठच्या उनकेश्वरला जावे. येथील गरम पाण्याची कुंडे लोकपरंपरेने शरभंग ऋषींच्या आश्रमाशी जोडली आहेत. त्वचेच्या विकारांवर गुण येतो या श्रद्धेने माणसे येथे स्नानाला येतात. पाणी खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि भेगांच्या वाटेने वर येते. माणसाने छिद्र पाडण्याच्या कितीतरी आधी निसर्गाने केलेली ही आर्टेशियन विहीरच आहे. आपल्या दोन जिल्ह्यांकडे असा नमुना आहे, याचा आनंद वाटतो.

वापराविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. बोअर वाहू लागले की लोक नारळ फोडतात, आणि दुष्काळ पाहिलेल्या माणसांचा तो आनंद खरा असतो. पण पाणी तसेच सोडले तर शेत चिबडते, रब्बीची पेरणी लांबते आणि उन्हाळ्यात कामी येणारा दाब ओढ्याला जातो. तोंडाला झडप बसवावी. लागेल तेवढे पाणी पाइपने जनावरांच्या हौदात किंवा शेततळ्यात घ्यावे. वरच्या मुरमाला केसिंग नीट नसेल, तर खालच्या थरातले पाणी त्या ढिल्या थरात निसटते आणि शेजाऱ्याच्या बोअरचाही दाब उतरतो. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली, ती मला योग्य वाटते. खोलवरचे पाणी सावकाश भरते, आणि ते सातबाऱ्यावरच्या हद्दी ओळखत नाही.

या विषयात शिरण्याची उत्तम वाट आपल्याच बोअरपासून सुरू होते. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी वजन बांधलेली दोरी आत सोडा, पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहा, आणि बोअर मारताना पाणी किती फुटांवर लागले होते ते घरातल्या जाणत्यांना विचारून शेजारी नोंदवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. त्यांत मे आणि पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर हे दोन महिने आहेत. वाचकांनी निदान या दोन महिन्यांत तरी आपली नोंद चुकवू नये.