कालप्रियनाथाच्या जत्रेत

आमगावला गाडीतून उतरून तुम्ही पद्मपूरची वाट धरता. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या ताम्रपटाच्या आधारे मांडलं. त्यांचं ऐकायचं, आणि भवभूतीचं नाटक पाहायला तेराशे वर्षं मागे जायचं.

आठवं शतक नुकतंच लागलंय. कालप्रियनाथाची जत्रा भरलीय. हे देवस्थान काल्पीचं की उज्जैनचं, यावर पंडितांचं अजून जमलेलं नाही. तुम्हांला काय त्याचं? तुम्ही गर्दीत धक्के खात उभे आहात.

नांदी संपते. सूत्रधार पुढे येतो आणि कथेला हात घालण्याआधी कवीचा ठावठिकाणा सांगू लागतो. दक्षिणापथातलं पद्मपूर. तिथले तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे, उदुंबर म्हणवणारे ब्राह्मण. त्यांतल्या भट्टगोपालाचा नातू, नीलकंठ आणि जातुकर्णीचा मुलगा, भवभूती. नाटकाचं नाव महावीरचरित. तुम्ही मनात म्हणता, हे तर पुस्तकाचं पहिलं पान!

आहेच. ‘पब्लिश’ ज्या लॅटिन क्रियापदातून आला, त्याचा अर्थ चारचौघांचं करणं. छापखाना त्यात कुठेच नाही. मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपुरात छापून निघालं 1805 मध्ये. या जत्रेपासून ते हजार वर्षांहून जास्त दूर. इथे चारचौघांचं करणारे नटच. भवभूतीच्याच मालतीमाधव नाटकाचा सूत्रधार तर सांगून टाकतो की, कवीनं आपली कृती आम्हांला स्नेहापोटी दिली. मानधनाचा शब्द नाही. (लेखक-प्रकाशक व्यवहाराची ही रीत जुनी दिसते.)

त्याच प्रस्तावनेत कवी नावं ठेवणाऱ्यांना सुनावतो की, हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. आपल्याच पिंडाचा कोणी आज ना उद्या जन्मेल, काळाला कुठे शेवट आहे आणि पृथ्वी तरी कुठे लहान आहे, असा त्याचा हिशेब. चालू हंगामावर डोळा ठेवून लिहिणाऱ्याचं हे बोलणं नव्हे.

पण त्या वाचकापर्यंत जायचं तर पोथी नकलाकारांच्या हातून जाणार. महावीरचरिताच्या पाचव्या अंकात पोथ्यांची वाट फुटते. पुढचा मजकूर कुठे विनायकानं पुरा केलेला, कुठे सुब्रह्मण्यानं. नाटक मात्र दोन्हीकडे भवभूतीच्याच नावावर.