पाच क्रेडिट्सची भीक

मागच्या शनिवारी वर्ध्याला घरी गेलो होतो. आईने माळा आवरायला लावला आणि सीडींचा जुना डबा हाती लागला. त्यात 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'चे दोन्ही भाग! कॉलेजात असताना भावाच्या असेंबल्ड पीसीवर रात्र रात्र जागून खेळलेला गेम. तेव्हा माझं ठाम मत होतं: पहिला भाग भारी, दुसरा बकवास. आज ते मत बदललंय, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. पहिला भाग बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीने 2003 साली काढला. स्टार वॉर्सच्या सिनेमांच्या जवळपास चार हजार वर्षं आधीची गोष्ट. मध्ये असा एक धक्का आहे की खेळणारा खुर्चीतून उठतो (कोणता ते सांगत नाही, अजून खेळला नसाल तर शिव्या द्याल). बायोवेअरला पुढे स्वतःचं काही करायचं होतं, म्हणून सीक्वेलचं काम गेलं ऑब्सिडियन या नव्या कोऱ्या कंपनीकडे. इंजिन तेच, नियम जवळपास तेच. पहिला भाग जुलै 2003 मध्ये आला आणि दुसरा डिसेंबर 2004 मध्ये बाजारात. म्हणजे जेमतेम सतरा महिने.

खरा फरक आहे तो विचारात. पहिल्या भागात टॅरिस ग्रहावर एका रोगावरचं औषध आपल्या हाती लागतं. डॉक्टरला दिलं की पुण्य, गुंडाला विकलं की पाप. हिशेब साफ! दुसऱ्या भागात नार शड्डा नावाच्या बकाल जगात एक भिकारी पाच क्रेडिट्स मागतो. मी चांगला माणूस, लगेच दिले. तर क्रेया ही म्हातारी गुरू मलाच झापते आणि दाखवते की पैसे मिळाले म्हणूनच त्या भिकाऱ्याला पुढच्या गल्लीत दुसऱ्याने मारून लुटलं. बरं, त्याला हाकलून दिलं तर तो चिडून दुसऱ्या कोणाला लुटतो. म्हणजे दोन्हीकडून आपणच चूक. तेव्हा जाम वैताग आला होता.

पण वर्ध्याच्या पोराला हा प्रश्न नवीन असायला नको होता. शाळेची सहल म्हणजे सेवाग्राम आणि पवनार, हे ठरलेलंच. धडधाकट माणसाला कामाशिवाय फुकट जेवू घालणं गांधीजींना मान्य नव्हतं. ग्रामोद्योगांसाठी 1938 साली वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं, ते याच विचारातून. नुसती भीक देऊन माणूस उभा राहत नाही, इथवर क्रेयाचं बरोबर. पण क्रेया व्याख्यान देऊन थांबते, गांधीजी चरखा देतात. हा फरक मला फार उशिरा कळला.

आता दुसरी तक्रार. दुसऱ्या भागाचा शेवट अर्धवट आहे. एका छोट्या यंत्रमानवाला दुसरा अडवतो आणि तो प्रसंग तिथेच लटकतो. रोबोंचा एक अख्खा ग्रह कापला गेला, एक कारखानाही. का? नाताळची तारीख. 'काय फालतू लोक आहेत' असं मी तेव्हा बिनधास्त म्हणायचो.

मग 2011 साली स्वतःवर वेळ आली. आमची रिलीजची तारीख ठरलेली, काम अर्धं राहिलेलं. चुकून डिलीट झालेल्या नोंदी परत आणायची सोय मी यादीतून काढली. 'पुढच्या व्हर्जनमध्ये करू.' ते पुढचं व्हर्जन कधी आलंच नाही. काही महिन्यांनी एका ग्राहकाच्या बाईंचा फोन आला. वर्षभराच्या नोंदी गेल्या होत्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या विचारत होत्या, "काहीच होत नाही का हो?" काहीच होत नव्हतं. फालतू लोक कोण, ते त्या दिवशी समजलं.

या गेमच्या बाबतीत मात्र काहीतरी झालं. कापलेल्या भागांचे आवाज आणि संवाद सीडीवर तसेच पडून होते. चाहत्यांनी ते शोधले, जोडले, बग काढले. नोकरीधंदा सांभाळून, एक पैसा न घेता, वर्षानुवर्षं. 2015 पासून त्यांचा हा मॉड स्टीमवर थेट मिळतो. पुढे निन्टेन्डो स्विचवर हाच कापलेला भाग अधिकृतपणे द्यायचं जाहीर झालं होतं, ते 2023 मध्ये रद्द झालं. कंपन्यांना जमलं नाही ते श्रमदानाने झालं. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही!

तर मग चांगला भाग कोणता? खेळायला पहिला. पण इतक्या वर्षांनी डोक्यात राहिला तो दुसराच, अर्धवट असूनही. तरी 'अर्धवट चालतं' असा अर्थ यातून काढू नका. तो फोन घेणारा मी होतो.

असो. उद्या सोमवार, आणि आमच्याही रिलीजला दहा दिवस राहिलेत. यादीतलं एक काम काढा म्हणून शुक्रवारी मेल आलाय. उत्तर अजून दिलेलं नाही. या वेळी 'नाही' लिहिणार आहे.