फकस्त सोनं ऱ्हायलं!

नातेपुत्याचा पाऊस म्हणजे मुंबईचा जावई. येतो क्वचित, पण आला की सगळ्यांची धावपळ उडवतो. एरवी ठणठणीत कोरडा असलेला ओढा तेव्हा दोन दिवस नदीचा रुबाब करतो. अशाच एका हस्ताच्या पावसात मी आणि धाकटा भाऊ त्यात सोनं शोधायला उतरलो. मी सातवीत होतो आणि भूगोलात नुकताच कॅलिफोर्निया झाला होता. हत्यार म्हणून आईची पितळी परात घेतली. तिच्या माहेरची.

तासभर वाळू घोळल्यावर तळाशी एक चमकदार काळी रेघ उरली. ती रुमालात बांधून आम्ही झारेकऱ्याकडे गेलो. सराफाच्या दुकानापुढची माती आणि राख धुऊन सोन्याचे कण काढणारा हा माणूस म्हणजे आमच्या लेखी गावातला एकमेव शास्त्रज्ञ. त्यानं लोहचुंबक फिरवला. सगळी रेघ उडून त्याला चिकटली.

"पोरांनो, काम बराबर केलंय. सोन्यासंगं हीच काळी वाळू उरती. फकस्त सोनं ऱ्हायलं!"

हे 'फकस्त' पुढं पुष्कळ वर्षांनी पुस्तकांतून उलगडलं. गदगजवळ कप्पतगुड्डा नावाचे डोंगर आहेत. तिथले ओढे पावसात वाहून ओसरले की जलगार नावाचे लोक लाकडी पात्रं घेऊन वाळू धुवायला बसत. डोंगर खरवडून आणायचं काम पुराचं, यांनी फक्त धुवायचं. मिळकत पोटापुरती. (आपल्या विदर्भातले सोनझारीही हेच करत.) हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथल्या सोन्यावर १८७४ साली रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं लेख लिहिला. हाच तो फूट, ज्याला १८६३ साली मद्रासजवळ अश्मयुगातलं दगडी हत्यार सापडलं. काही माणसांना नुसतं खाली बघितलं तरी सापडतं! ओढ्यात कण आहेत म्हणजे डोंगरात शिरा असणार, या हिशेबानं पुढं कंपन्याही आल्या आणि काही वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या.

तिथला खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. आमचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे कालचं पोर. त्यात लोखंड भरपूर, म्हणून ती काळी वाळू. जुना खडक खाली गाडलेला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर भोक पाडलं, तर तो तीनशे मीटरहून खोल लागला. आमची परात चार बोटं खोल गेली होती.

एवढं त्या दिवशी ठाऊक असतं तर परात तरी वाचली असती. कारण ते 'फकस्त' दुरुस्त करायला आम्ही पुन्हा ओढ्यात उतरलो आणि वरून लोंढा आला. परात धरू की भाऊ, असा क्षणभर प्रश्न पडला. (हे भावाला अजून सांगितलेलं नाही.)

घरी आई काही बोलली नाही. दोघांची डोकी खसाखसा पुसली आणि जेवायच्या ताटातच भाकरीचं पीठ मळायला बसली. पीठ सारखं कडेनं सांडत होतं.